कडेवर

टपालाने गेलेलं झबलं
आठवड्याने परत येतं,
आंबूस दुधाचा वास घेऊन.
चार खिसे, दोन दंडांवर, दोन मांड्यांवर,
प्रत्येकात बटणाएवढा सेन्सर.
मी ते काढून केबलला लावते
आणि झबलं धुवायला टाकते.
ते काम खरं तर माझं नाही.

आजचं बाळ इल्मो. गाव केमी.
फाइलवर त्याची दोन वयं आहेत:
आठ महिने, आईने मोजलेले,
आणि पाच, डॉक्टरांनी,
कारण तो सत्ताविसाव्या आठवड्यातच
निघून आला, कुणाची वाट न बघता.

एका पडद्यावर व्हिडिओ. दुसऱ्यावर चार रेघा.
सेकंदामागून सेकंद मी नावं देते:
पाठीवर. कुशीवर. पालथा.
पालथा. पुन्हा पाठीवर.
पालथं पडणं म्हणजे काय
हे यंत्राला शिकवते आहे गेली चार वर्षं,
आणि पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचीही सोय नाही,
शिकतंय ते, हळूहळू,
माझ्याहून कमी चुकतं आता.

डाव्या मांडीची रेघ जरा मागे.
उजवी लाथ मारते, डावी विचार करते.
हेच बघायला हे झबलं,
हेच कळायला नको म्हणून
त्याच्या आईने, साइमीने,
वहीत इतर सगळं लिहिलंय:
आज नळवाला आला होता.
आज बर्फ खिडकीपर्यंत.
आज त्याने माझा चष्मा ओढला (उजव्या हाताने).

दोन वाजून वीस मिनिटांनी
व्हिडिओत नुसती चटई उरते,
खुळखुळ्याचा अर्धा भाग, गोधडीची कड.
आणि चारही रेघा एकदम
एकाच लाटेवर चालू लागतात.

याला आमच्याकडे सात नंबर.
कडेवर. गणनेतून वगळा.
हालचाल आहे, पण बाळाची नाही,
ज्याने उचललंय त्याची आहे.

साइमीची लाट मला ओळखू येते, घाईची,
मध्येच थांबते, काहीतरी ढवळत असणार.
बाप, तानेली, रात्रभर रस्त्यावरचं बर्फ उपसून आलेला,
दहा पावलांत खुर्चीवर बसतो.
ही लाट त्या दोघांची नाही.
एक लांब पाऊल, एक आखूड.
एक लांब, एक आखूड.
अकरा पावलं, मग वळण.
टेबलाभोवती असेल.
चाळीस मिनिटं.

वहीत: दुपारी मला झोप लागली. कालेर्वो होता.
एवढंच. कोण कालेर्वो?
शेजारी असेल. कागदाच्या गिरणीतून
गुडघा देऊन निवृत्त झालेला.
मला त्याचं तोंड माहीत नाही,
फक्त लंगडणं माहीत आहे,
तेही एका बाळाच्या दंडावरून.

सात, सात, सात.
दोन हजार चारशे सेकंद सात.

मग दिसलं ते.
दर अकराव्या पावलानंतर, वळणावर,
लाटेच्या अंगावर एक बारीक काटा,
फक्त एकाच रेघेवर.
डावी मांडी.
मी मागे गेले. पुढच्या वळणावरही.
त्याच्या पुढच्याही.
म्हातारा वळतो, आणि पोरगं
डाव्या पायाने त्याच्या बरगडीत ढुशी देतं.

याला नंबर नाही.
आम्ही दोन जणांच्या हालचालीला नाव ठेवलेलं नाही.
तुकडा जाणार तो जाणारच,
अहवालात इल्मोचा डावा पाय
आहे तितकाच मागे राहणार.

तळाशी शेऱ्याची एक चौकट असते,
बहुधा रिकामी. तिच्यात लिहिलं:
उचलून घेतल्यावर, वळताना, डावा पाय मारतो.
हसत असावा.

उद्या मार्केत्ता तपासेल.
शेवटचे दोन शब्द खोडेल,
अंदाज लिहू नयेत असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे.
पहिलं वाक्य ठेवेल की नाही, बघू.

बाहेर उणे एकवीस.
झबलं हीटरवर वाळलं आहे,
काखेत एक शिवण उसवलेली, ती घालून घेतली.
पुढचा पत्ता इनारीचा.
मुलगी. तिचीही दोन वयं.